उपनगराचे गावपण

मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली म्हणून काही महिन्यांच्या मुक्कामास तिकडे जाणाऱ्या मराठी वडीलधाऱ्या मंडळींचा प्रवासक्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. न्यूयॉर्कचे गगनचुंबी मनोरे, नायगाऱ्याचा प्रपात आणि वॉशिंग्टनमधील स्मारके एकदा पाहून झाली, की उरलेले दिवस ज्या उपनगरातील घरात काढायचे त्याच्या सभोवतीही पाहण्यासारखे काही असेल, ही कल्पना बहुधा कोणाच्या मनास शिवत नाही. आणि त्या शांत, एकसारख्या रस्त्यांना ना इतिहास आहे ना समाज, असा ग्रह करून घेऊन मंडळी स्वदेशी परततात. हा ग्रह मला अन्यायाचा वाटतो. उपनगरालाही गावपण असते; ते कोणी आयते बांधून देत नाही, रहिवाशांनी ते स्वकष्टाने संपादन करावयाचे असते, आणि हे संपादन कसे होते हे पाहण्यास पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बक्स काउंटीइतके बोधप्रद ठिकाण मला दुसरे आढळलेले नाही.

फिलाडेल्फियाच्या उत्तरेस डेलावेअर नदीच्या काठाने पसरलेली आणि २०२० च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे साडेसहा लाख वस्तीची ही काउंटी, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून १६८१ मध्ये सनद मिळवणाऱ्या विल्यम पेन याने पुढील वर्षी जे तीन मूळ कारभारी विभाग पाडले, त्यांपैकी एक होय. तिची मुख्य कचेरी ब्रिस्टलहून १७२६ मध्ये न्यूटाउनला आणि तेथून १८१३ मध्ये डॉयल्सटाउनला गेली. परंतु कचेरी गेली म्हणून मागे राहिलेली गावे ओस पडली नाहीत.

या गावांनी जुन्या वास्तूंचे जे केले ते विशेष मननीय आहे. न्यू होप येथील धान्य दळण्याच्या जुन्या गिरणीत १९३९ मध्ये नाट्यगृह उघडले आणि ती बक्स काउंटी प्लेहाऊस या नावाने प्रसिद्धीस आली. डॉयल्सटाउनच्या तुरुंगाच्या जागी, त्याच्या दगडी तटाच्या आत, त्याच गावात लहानाचे मोठे झालेले कादंबरीकार जेम्स मिचेनर यांच्या नावाचे कलासंग्रहालय १९८८ पासून नांदते आहे. आणि कोळशाच्या नावा ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, त्या डेलावेअर कालव्याच्या काठावर आज आबालवृद्ध पायी फिरतात. याच डॉयल्सटाउनमध्ये हेन्री मर्सर नावाच्या विद्वानाने, यंत्रयुगाने अडगळीत टाकलेली हातकामाची अवजारे १८९७ पासून जमविण्याचा ध्यास घेतला व त्यांच्यासाठी १९१६ मध्ये काँक्रीटची एक भव्य वास्तू पूर्ण केली. छतापासून टांगलेल्या होड्या आणि गाड्या, सुताराचे रंधे, लोहाराची हत्यारे, सूत कातण्याची चाके यांनी भरलेल्या त्या दालनांतून हिंडताना, ज्याचे बालपण आपल्याकडील बलुतेदारांच्या गावात गेले आहे अशा वृद्धास परकेपणा मुळीच वाटणार नाही. कारण श्रमाने झिजलेली मूठ कोणत्याही देशात सारखीच दिसते.

मात्र वास्तू टिकल्या तरी माणसे एकत्र आल्यावाचून गाव होत नाही, आणि हे कार्य तेथील उत्सव करतात. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने सुमारे चोवीसशे सैनिकांनिशी, बर्फाचे तुकडे वाहून आणणारी डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर चाल केली. त्या प्रसंगाची पुनरावृत्ती दरवर्षी नाताळच्या दिवशी, नदीचे पाणी व हवा अनुकूल असल्यास, त्याच घाटावर केली जाते. तत्कालीन वेष धारण करून वल्ही मारणारे लोक हौशी स्वयंसेवक असतात आणि काठावर कुडकुडत उभे राहणारे प्रेक्षक बहुतांशी आसपासच्या गावांतले असतात. ऑगस्टमध्ये राइट्सटाउन येथे शेतकऱ्यांची जत्रा भरते. तेथे मुले आपण वाढवलेली जनावरे परीक्षकांपुढे उभी करतात आणि शहरातून आलेल्या कुटुंबांना आपल्या पानातील अन्न कोणाच्या हातून येते याचे दर्शन घडते.

परंतु राइट्सटाउनचे नाव आणखी एका कारणासाठी स्मरणात ठेवले पाहिजे. मनुष्य दीड दिवसात जितका चालेल तितकी जमीन देण्याचा मूलनिवासी लेनापे लोकांचा जुना करार आहे, असे सांगून पेनच्या पुत्रांनी १७३७ मध्ये याच ठिकाणाहून वेगवान चालणारे तिघेजण आधी साफ करून ठेवलेल्या वाटेने सोडले, आणि सुमारे बाराशे चौरस मैलांचा मुलूख दस्तऐवजाच्या बळावर लुबाडला. पुढे १९५२ पासून त्याच काउंटीत उभारलेल्या लेव्हिटाउन या सतरा हजारांहून अधिक घरांच्या वसाहतीत कृष्णवर्णीयांना घर विकावयाचे नाही असा बिल्डरचा दंडक होता. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम व डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य तेथे राहावयास आले, तेव्हा जमावाने त्यांच्या घरावर दगडफेक केली. मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहणारे शेजारीही तेव्हा निघाले, आणि १९९९ मध्ये महापौरांनी डेझीबाईंची जाहीर क्षमा मागून नाताळवृक्षाचे दिवे लावण्याचा मान त्यांना दिला. उत्सवाचे सामर्थ्य ते हेच: जी गोष्ट कचेरीच्या दप्तरात लपून राहिली असती, ती साऱ्या गावासमक्ष बोलली गेली.

आज या प्रदेशावर मोठे दडपण आहे ते नव्या घरांच्या मागणीचे. त्यावर तेथे योजलेला एक उपाय असा, की जमीन आणि तिची वहिवाट शेतकऱ्याकडेच ठेवून, ती बिनशेती करण्याचा हक्क तेवढा सार्वजनिक पैशातून कायमचा विकत घ्यावयाचा. हा पैसा करदात्यांचाच, म्हणजे तेथे घर घेतलेल्या आपल्या मुलांचाही. यास्तव काय राखावे आणि कशास निरोप द्यावा, या निर्णयात त्यांचाही वाटा आहे.

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. जे पाहुणे म्हणून जातात त्यांनी मुलांच्या मोटारीची व रविवारची वाट पाहत न बसता आगगाडीने थेट डॉयल्सटाउन गाठावे, आणि एखाद्या लहान गावाचा मुख्य रस्ता सावकाश चालून पाहावा. जे तेथे कायमचे राहतात त्यांनी भाड्याच्या सभागृहात गणेशोत्सव अवश्य करावा. परंतु तेवढ्यावर न थांबता गावच्या जत्रेत मांडव घालावयास, संग्रहालयात वाट दाखवावयास आणि नगरसभेत मत मांडावयास जावे. घराचे खरेदीखत नावावर झाले म्हणजे मिळकत मिळते. गाव मिळावयाचे तर त्याच्या कीर्तीचे आणि अपकीर्तीचेही वारस व्हावे लागते, आणि तो वारसा तेथे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्यांइतकाच काल आलेल्यालाही खुला आहे.