बांधावरची शाळा

तारेवरची कसरत आपण शहरात बोलण्यापुरती करतो. मी मात्र ती हिंगोलीजवळ, आजोळच्या शेतात, वीतभर रुंद बांधावर शिकलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. तिचा वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. पावसाने भिजलेली काळी माती, एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला चिखल. पहिल्याच दिवशी मी चपलांसकट चिखलात! मामा म्हणाले, "पायाकडं काय बघायलास? बांध जिथं सरतो तिथं बघ. अन् आधी त्या चपला काढ."

पुढे कळले, मामांचे शास्त्र पक्के होते. तोल सांभाळायला कानाच्या आतली यंत्रणा, डोळे आणि तळपाय अशी तिघांची साथ लागते. लांबवर स्थिर ठेवलेली नजर आधार देते; अनवाणी पायाला मातीचा कल समजतो. डोंबाऱ्याची लांब काठीही उगीच नसते. तिच्यामुळे अंग सावकाश कलते आणि सावरायला सवड मिळते.

परवा, साठी उलटल्यावर, न्हाणीघरात माझा तोल गेला. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीलगत, फरशीच्या रेघेवरून, पावलापुढे पाऊल टाकतो. नातू विचारतो, "आजोबा, हे काय चाललंय?"

"बांधावरून चाललोय," मी सांगतो. "ये, पण आधी चपला काढ."