बुद्धिबळावरून मन का उडतं?

मॅग्नस कार्लसनने जुलै २०२२ मध्ये जाहीर केलं की, जगज्जेतेपदाची लढत तो पुन्हा खेळणार नाही. ही लढत पाच वेळा जिंकलेला माणूस, वय अवघं एकतीस, आणि कारण इतकंच की तिच्यासाठी खेळावंसं वाटत नाही. आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर तेव्हा ‘पैसा झाला, माज आला’ असंही कुणी बोललं. मला ते अजिबात पटलं नाही. आवडता खेळ नकोसा होतो म्हणजे काय होतं, ते मी माझ्याच घरात पाहत होतो. माझा स्पर्धेचा फॉर्म टेबलावर पडून राहायचा आणि तारीख उलटून गेली तरी हळहळ वाटायची नाही.

ज्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, तिथे बुद्धिबळाचं वेड लागायला वेगळं कारण लागत नसे. उन्हाळ्यात बाहेरगावचे खेळाडू यायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या टेबलांमागे टाचा उंचावून उभी असायचो. पण खरं सांगायचं तर मला डावापेक्षा डाव संपल्यानंतरचा वेळ जास्त आवडायचा. घड्याळं थांबलेली, निकाल लिहून झालेला, आणि हरलेला-जिंकलेला दोघंही पुन्हा सोंगट्या मांडतायत.

शिलाईचं दुकान चालवणारे एक काका होते. एकदा मी त्यांच्याविरुद्ध एच७ वर उंट दिला. राजाने तो खाल्ला, माझा घोडा शह देत जी५ ला आला, राजा मागे जी८ ला गेला, वजीर एच५ वर आला आणि काकांनी डाव सोडला. मग चहा मागवून ते म्हणाले, “अरे, मागे कशाला गेलो मी? राजा पुढे, जी६ ला आणला असता तर काय केलं असतंस?” त्या एका ‘तर’वर आम्ही मंडळाला कुलूप लागेपर्यंत बसलो. एकदा त्यांचा राजा सुटायचा, एकदा माझा हल्ला चालायचा. शेजारचे दोघं येऊन आपापली चाल सुचवायचे, आणि पटाभोवती वाद रंगायचा. उत्तर सापडलं नाही. घरी जाताना डोक्यात तोच पट होता.

आज हे होत नाही. डाव संपला की खिशातून फोन निघतो, स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला विचारलं जातं आणि कोण किती वरचढ ते सांगणारा आकडा पडद्यावर येतो: अधिक एक पूर्णांक तीन. विषय संपला. संगणक बरोबरच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, आणि पुढे यंत्राशी स्पर्धा उरलीच नाही. पण दोन माणसांनी मिळून चुकत-माकत शोधायची गोष्ट आयती हातात आली की त्या दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर बुद्धिबळातली गोडी तिथेच होती.

त्यात रेटिंगची भर पडली. आमच्या तरुणपणी पुरुषांची आंतरराष्ट्रीय रेटिंग यादी २२०० पासून सुरू व्हायची, त्यामुळे गावातला चांगला खेळाडूही आकड्याविना सुखाने खेळायचा. आता ती १४०० पासून सुरू होते. शाळकरी मुलगा हरला की ‘कुठे चुकलं’ हे विचारण्याआधी ‘किती गेले’ हे विचारतो. बाहेर उभे असलेले आई-वडीलही तेच विचारतात. शिवाय पाठांतर आहेच. पाठ केलेल्या ओपनिंगचा, म्हणजे सुरुवातीच्या चालींचा, कंटाळा तर माजी जगज्जेत्या बॉबी फिशरलाही आला होता. म्हणून १९९६ मध्ये त्याने मागची रांग चिठ्ठ्या टाकून मांडायचा, ९६० सुरुवातींचा खेळ पुढे आणला. कार्लसनही आज त्या प्रकारात रमतो. त्याचं मन बुद्धिबळावरून उडालं नव्हतं. मन उडालं ते एका लढतीसाठी महिनोन् महिने कराव्या लागणाऱ्या तयारीवरून.

बुद्धिबळाला आज जेवढे चांगले दिवस आहेत तेवढे कधीच नव्हते, हेही खरं. गुकेश जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा माझे डोळे भरून आले. शिखरावर जाणाऱ्यांनी संगणक घ्यावा, रेटिंगही मोजावं, त्यांना ते लागतंच. प्रश्न बाकीच्यांचा आहे, ज्यांना शिखरावर जायचंच नाही. त्यांच्या हातून खेळ सुटतो तेव्हा आपण त्यांना आळशी ठरवतो, ‘एवढं शिकून सोडलंस?’ म्हणून टोचतो. मुलांच्या बाबतीत तर फी किती भरली तेही ऐकवतो. हा अन्याय आहे. ज्या कारणासाठी माणूस पटावर बसत होता तेच काढून घेतल्यावर त्याने का बसावं?

म्हणून मंडळं आणि अकादमी चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ रेटिंगविना ठेवा. फोन दाराशी जमा करून घ्या आणि डाव संपल्यावर दोघांना त्याच टेबलावर अर्धा तास बसू द्या. सोबत चहा द्या. आणि पालकहो, त्या संध्याकाळी मुलाला न्यायला थोडं उशिरा या.