ॲडव्हर्स : उलटलेला शब्द

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी ही कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणारी बाजारपेठ. जुलैचा पाऊस येथील दुकानांत गिऱ्हाईक आणतो. तोच पाऊस सोयाबीनच्या काढणीला किंवा कापसाच्या वेचणीला कोसळला, तर शेतकऱ्याच्या मालासोबत व्यापाऱ्याची उधारीही भिजते. पाऊस वाईट नसतो. तो उलटलेला असतो. 'ॲडव्हर्स' या इंग्रजी विशेषणाचे मर्म हेच.

लॅटिनमध्ये 'ॲड' म्हणजे 'कडे' आणि 'व्हर्तेरे' म्हणजे 'वळणे'. त्यापासून झालेला शब्द 'समोरून विरोधात ठाकलेले' या अर्थाने फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळला. 'व्हर्तेरे' आणि संस्कृतातील 'वृत्' हे धातू एकाच कुळातील; प्रवृत्ती, निवृत्ती, परिवर्तन हे शब्द 'वृत्'चेच. व्यापाऱ्यांच्या परिचयाचा 'ॲडव्हर्टाइझमेंट' हा शब्दही 'ॲडव्हर्स'चा सहोदर : जाहिरात लक्ष आपल्याकडे वळवते, आपत्ती आपल्यावर उलटते.

मराठीतील 'प्रतिकूल'ची घडण निराळी. कूल म्हणजे नदीचा तीर. तीराला धरून जाणारे ते अनुकूल, तीराच्या विरुद्ध जाणारे ते प्रतिकूल.

'ॲव्हर्स' हा मिळताजुळता शब्द मात्र वेगळा. त्याचा अर्थ पाठ फिरवलेला, नाखूश. जोखमीला नाखूश असणारा व्यापारी 'ॲव्हर्स'. त्याला गाठणारी मंदी 'ॲडव्हर्स'.

कागदोपत्री या विशेषणाला विशेष वजन येते. 'ॲडव्हर्स पझेशन' म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्धचा ताबा. खासगी जागेवर असा उघड व अखंड ताबा १२ वर्षे राहिला आणि मालकाने त्या अवधीत दावा लावला नाही, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार त्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. भाडेकरूचा किंवा परवानगीने राहणाऱ्या आप्ताचा ताबा मात्र केवळ वर्षे लोटल्याने 'ॲडव्हर्स' ठरत नाही, कारण तो मालकाच्या संमतीने असतो. विश्वासाने दिलेल्या दुकानाची वा गोदामाची संमती म्हणूनच लेखी असावी. तोंडी शब्द पुढच्या पिढीला सिद्ध करता येत नाही.

हा शब्द कोठेही आढळला, तरी प्रथम विचारावे : काय उलटले आहे, आणि कोणाविरुद्ध? या दोन उत्तरांशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही.