दुष्काळ ‘पडतो’ की पाडला जातो?

मराठीत दुष्काळ ‘पडतो’; पाऊस पडावा, वीज पडावी, तसाच. शब्दाची घडणही त्याला साजेशी आहे : वाईट तो काळ. ‘दुर्भिक्ष’ या संस्कृत शब्दात भिक्षेची दुर्लभता आहे. बंगालीतील ‘मन्वंतर’ युगाचा पालट सुचविते. या तिन्ही शब्दांत काळ आहे, अभाव आहे. कर्ता मात्र कोठेही नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या व्याकरणाकडे संशयाने पाहावयास हवे, कारण सुदानमधील आजची उपासमार त्यात मावत नाही.

एप्रिल २०२३मध्ये सुदानचे सैन्य व ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध जुंपले. दोन नाईल नद्यांमधील, १९२५पासून कालव्यांवर पिकणारा गेझिरा प्रदेश त्याच वर्षाच्या डिसेंबरात रणभूमी झाला. ऑगस्ट २०२४मध्ये दारफुरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने जाहीर केले. जवळच्या एल फाशर शहराभोवती या दलाचा वेढा सुमारे दीड वर्ष होता. तेथे माणसांनी भुईमुगाची पेंड, म्हणजे गुरांचे खाद्य, खाऊन दिवस काढले. सप्टेंबर २०२५मध्ये देशातील सुमारे २ कोटी १२ लाख लोक तीव्र अन्नटंचाईत होते. येथे आभाळ फिरले नव्हते. वाटा अडविल्या गेल्या होत्या, आणि मदतीच्या वाटेत अडथळे दोन्ही पक्षांनी आणले.

सुदानच्या लोकस्मृतीत हिजरी १३०६ (इ. स. १८८८–८९) मधील दुष्काळ ‘सनत सित्ता’, म्हणजे ‘सहाचे साल’, या नावाने राहिला आहे. बंगालमध्ये १९४३चा दुष्काळ बंगाली सन १३५०वरून ‘पन्नासचे मन्वंतर’ झाला. दोन्ही नावे पंचांगातून आलेली. दोन्ही प्रसंगी पावसापाण्यापलीकडे युद्धाचा आणि सत्तेचा हात होता. बंगालमधील अनर्थ केवळ धान्याच्या तुटीने घडला नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये साधार मांडले.

ज्याने भोगले त्याला साल आठवते, यात गैर काही नाही. तो अधिकार त्याचाच. समीक्षकाला मात्र ती सवलत घेता येणार नाही. बिजन भट्टाचार्य यांच्या ‘नवान्न’ (१९४४) या नाटकात भुकेल्यांबरोबर साठेबाजही रंगमंचावर उभा आहे. अशा कृतीचा विचार केवळ करुणरसाच्या अंगाने केला, तर नाटककाराने पुढे आणलेला कर्ता पुन्हा पडद्याआड जातो.

उपासमार हे युद्धाचे शस्त्र म्हणून वापरण्याचा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१८मध्ये निषेध केला. कायद्याने कर्त्याची जागा मोकळी ठेवलेली नाही. मराठीतही ‘उपाशी मारणे’ हे सकर्मक क्रियापद आहेच. ते हाताशी असता सुदानात दुष्काळ ‘पडला’ असे लिहिणे म्हणजे वेढा घालणाऱ्यास वाक्यातून निर्दोष सोडून देणे होय.