टाकीतला पंप का घसरतो?

दोस्तांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ओलिताची शेती आहे त्यांनी एक गंमत नक्की पाहिली असेल. विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि पाइपाचं तोंड मोकळंच पडलेलं असलं, की तो पाइप सापासारखा उसळतो, वळवळत मागे सरकतो आणि जवळ उभ्या असलेल्याला भिजवून टाकतो! म्हणून तर मोठी माणसं त्याच्या तोंडाशी एक दगड ठेवतात. पाणी ज्या जोरानं पुढे फेकलं जातं, त्याच जोरानं फेकणारा मागे ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच बरं का! पुस्तकात तो बंदुकीच्या उदाहरणानं शिकवतात. पण बंदूक पाहिलेली मुलं किती आणि पाइप पाहिलेली किती?

आज हा नियम आपण एका काचेच्या टाकीत पाहू या. टाकी माशांची, आणि तीसुद्धा खाऱ्या पाण्याची.

“खारं पाणी आणि वाशिममध्ये?” असं म्हणून हसू नका. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी काठाला. वाशिमपासून समुद्र सरळ रेषेतसुद्धा साडेचारशे किलोमीटरांहून दूर. गंमत अशी, की वाशिम जिल्ह्यात पडलेलं पावसाचं पाणी मात्र दोन्ही समुद्रांना भेटतं. पैनगंगेत गेलेलं वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोचतं आणि काटेपूर्णेत गेलेलं पूर्णा, तापी करत अरबी समुद्रात. पाणी जातं खरं, पण परत येताना मीठ घेऊन येत नाही! म्हणून घरी टाकी करणारे विकतचं सागरी मीठ आणतात आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशोबानं पाण्यात विरघळवतात. स्वयंपाकाचं मीठ इथं चालत नाही. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम त्यात कुठून येणार? आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी आणायचा विचारही नको. ते खारं आहे, पण त्याहून जास्त ते अल्कधर्मी आहे. समुद्रातला मासा त्यात जगणार नाही. शिवाय ते सरोवर संरक्षित आहे.

आता पंपाकडे वळू. 25 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात फार तर 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तो 7 मिलिग्रॅमही मावत नाही. पाणी तापलं की आणखी कमी. विदर्भातला मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको! म्हणून खाऱ्या टाकीत पाणी सतत हलतं ठेवावं लागतं. वरचं पाणी खाली, खालचं वर, म्हणजे प्रत्येक थराला हवा लागते. हे काम करतो काचेला आतून चिकटवलेला छोटा पंप. तो दिवसरात्र पाणी पुढे ढकलतो, आणि म्हणून दिवसरात्र स्वतः मागे ढकलला जातो. पाइपाला दगड आहे, याला काय? बहुतेक वेळा रबराच्या दोनचार वाट्या!

वाटी दाबली की तिच्या आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचा दाब तिला काचेवर दाबून धरतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. चार सेंटिमीटर व्यासाच्या वाटीला हिशोबानं बारा किलोंचा आधार मिळायला हवा. मग पंप घसरतो कसा? कारण कडेनं पाणी आत झिरपतं. काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, चुन्याचे बारीक ठिपके धरतात, रबर हळूहळू कडक होतं. पंपाची थरथर चालूच असते. त्यात वीज गेली आणि आली, की प्रत्येक वेळी सुरू होताना एक हिसका. असे शंभर हिसके वाटी सोसते. एकशे एकाव्याला सुटते, आणि तीही बहुधा रात्री!

सुटलेला पंप बंद पडत नाही, खरी पंचाईत तीच आहे. तोंड खाली झालं तर तळाची वाळू उडून पाणी गढूळ होतं. तोंड वर झालं तर खारं पाणी टाकीबाहेर, जमिनीवर, कधी विजेच्या बोर्डावर. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीजवाहक असतं, हे लक्षात ठेवा. टाकीत समुद्रपुष्प असेल तर आणखी वाईट. दिसायला फूल, पण तो प्राणी आहे आणि सरकत सरकत फिरतो. तो पंपाच्या जाळीत ओढला गेला तर त्याचे तुकडे होतात आणि त्यातल्या विषानं टाकीतले मासेही मरू शकतात.

मग करायचं काय? दर आठवड्याला वाट्या काढून त्यांच्यामागची काच पुसायची. महिन्यातून एकदा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात वाट्या भिजवायच्या, चुना सुटतो. मग त्या साध्या पाण्यानं धुवायच्या. दाबून पाहिल्यावर कडक लागलेली वाटी बदलायची, तिथं काटकसर नको. वाट्यांऐवजी चुंबकाचा आधार मिळाला तर माझं मत त्याच्या बाजूनं आहे. एक चुंबक काचेच्या आत, एक बाहेर. पण तो आपल्या काचेच्या जाडीला चालणाराच हवा. मध्ये वाळूचा कण राहिला तर काचेवर ओरखडा उठतो आणि बोट राहिलं तर... त्यापेक्षा बोट ठेवूच नका! चुंबकाच्या आवरणाला तडा गेला तर आत पाणी शिरून तो गंजतो, फुगतो. असा चुंबक काढून टाकायचा.

आपल्याकडे काहीही बांधायला बाइंडिंगची तार लगेच पुढे येते. इथं ती नको. लोखंड गंजेल, आणि तांब्याची तार तर प्रवाळ आणि कोळंबी यांना विषासारखी. विहिरीत सोडलेल्या मोटारीला जसा वेगळा दोर असतो, तसा इथं प्लास्टिकची पट्टी किंवा नायलॉनची दोरी वरच्या कडेला बांधावी; वाटी सुटली तरी पंप तळाला जाणार नाही. नुसत्या वायरवर मात्र त्याला लटकत ठेवू नये. वायर बोर्डात जाण्याआधी बोर्डाच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्यावी. वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून खाली ठिबकतं, बोर्डात शिरत नाही.

आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: या जोडणीला वीज गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी पंप आणि हीटर बंद करून पिना काढणं हे काम मोठ्यांचंच.

ज्यांच्या घरी टाकी नाही, त्यांनी न्हाणीघरात अडकवायचे रबरी वाटीचे तीन हूक घ्या. एक स्वच्छ ओल्या फरशीवर लावा, एक साबणाचा थर असलेल्या फरशीवर, एक धुळीच्या. तिन्हींना अर्धा लिटर पाण्याची एकेक बाटली टांगा आणि खाली जुनं पोतं अंथरा. कोणती बाटली किती वेळानं पडली, ते वहीत लिहा आणि आम्हाला पत्रानं कळवा!