‘मत नोंदवा’, पण गाइडमधलं

रविवारी रात्री मामेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती लंडनच्या हॅरो भागात राहते. वय सतरा, ए-लेव्हलला इतिहास घेतलाय. (तिकडचा सिक्स्थ फॉर्म म्हणजे साधारण आपली अकरावी-बारावी. फक्त बहुतेक मुलं तीनच विषय घेतात.)

‘‘ताई, तुला बारावीला हिस्ट्रीत नव्वदच्या वर होते ना? मग जालियनवाला बागचं एक सांग.’’

मी सरसावून बसले. 13 एप्रिल 1919, अमृतसर, रौलेट कायदा, जनरल डायर. सगळं धडाधड म्हणून टाकलं.

‘‘अगं, ते मलाही माहितीये,’’ ती म्हणाली. तिच्या सरांनी सरावाला दोन उतारे दिले होते. एक डायरच्या साक्षीचा, सरकारने नेमलेल्या हंटर समितीपुढच्या. दुसरा काँग्रेसने स्वतंत्रपणे केलेल्या चौकशीच्या अहवालातला. प्रश्न असा, की हे दोन्ही एकत्र ठेवले तर इतिहासकाराला त्यांचा कितपत उपयोग होईल? ‘‘डायर तर स्वतःचीच बाजू मांडणार. आणि काँग्रेस ब्रिटिशांच्या विरोधातलीच. मग दोघांवर विश्वास का ठेवायचा?’’

मी गप्प. ‘नेटवर्क जातंय’ असं म्हणून पाहिलं, खरं तर नेटवर्क उत्तम होतं.

आता गंमत ऐका. आमच्याही पुस्तकात ‘तुमचे मत नोंदवा’ असा प्रश्न असायचा. आम्ही ते मत गाइडमधून पाठ करायचो! वर्गातल्या ऐंशी जणांचं एकच मत, तेही त्याच चार मुद्द्यांत. मी ‘शेकडो निरपराध लोक मारले गेले’ असं लिहिलं आणि पुढे गेले. शेकडो म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही. सरकारी आकडा 379 आणि काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या आसपास. एवढी तफावत का, कोणी कुणाला विचारून मोजलं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा वाचावं लागलं. काँग्रेसने हंटर समितीवर बहिष्कार टाकला होता, हेही तेव्हाच कळलं.

मग तिच्या प्रश्नाचं उत्तर सुचायला लागलं. डायरने साक्षीत काहीच लपवलं नव्हतं. चिलखती गाड्या बोळातून आत नेता आल्या असत्या, तर मशीनगनही बहुधा चालवल्या असत्या, असं तो चिमणलाल सेटलवाड यांच्या प्रश्नांना उत्तर देताना म्हणाला. किती मेले हे कळायला तो उतारा कुचकामी. पण राज्य करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं, ते कळायला त्याच्याइतका उपयोगी कागद नाही. म्हणजे पक्षपाती साधन फेकून द्यायचं नसतं, त्याला योग्य प्रश्न विचारायचा असतो. मास कॉमला आम्हाला बातमीचा सोर्स तपासायला शिकवतात, तेच हे. फक्त ते मला पदवीला आल्यावर भेटलं आणि ती सतराव्या वर्षी शिकतेय.

तिचं परीक्षा मंडळ एडेक्सेल. त्यात 1914 ते 1948 मधला भारत असा एक पर्यायी पेपरच आहे. शिवाय 3000 ते 4000 शब्दांचा एक निबंध, ज्यात एकाच प्रश्नावर भांडणाऱ्या इतिहासकारांची मतं तपासून स्वतःचं म्हणणं मांडायचं. त्याला 20 टक्के गुण आणि तो आधी शाळेतलेच शिक्षक तपासतात. आपल्याकडेही 20 गुण अंतर्गत असतात. त्याचं आपण काय करतो ते तुम्हाला माहितीये. सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीची वही!

पण ‘फॉरेनचं ते भारी’ असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिकडे चौदाव्या वर्षानंतर इतिहास सोडता येतो. ए-लेव्हलला ब्रिटिश इतिहास किमान 20 टक्के हवा, एकूण आवाका किमान 200 वर्षांचा हवा, असे नियम आहेत. मात्र कोणता काळ ते शाळा ठरवते. ट्यूडर राजे आणि हिटलरची जर्मनी घेतली की झालं. साम्राज्याचं नावही न काढता इतिहासात ए-स्टार मिळू शकतो. ज्यांनी आपल्यावर दीडशे-दोनशे वर्षं राज्य केलं, त्यांच्या मुलांनी तो धडा ऑप्शनला टाकावा, हे मला खटकतंच. आणि पाठांतर तिकडेही आहे. बहिणीनेच सांगितलं, परिच्छेदाचा साचा ठरलेला असतो: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण. काही जण ‘माझ्या मते’पासूनची वाक्यं घोकून जातात. तरीही त्या साच्यात पुरावा लागतोच. आपल्या साच्यात तेवढीही जागा नाही, आणि ती करून द्यायला परदेशी जावं लागत नाही. बोर्डाने बारावीच्या पेपरात न पाहिलेले दोन उतारे छापले, तरी गाइडवाल्यांची पंचाईत होईल.

बुधवारी तिचा पुन्हा मेसेज आला. काँग्रेसच्या अहवालावर गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर एक सही आहे, एम. आर. जयकर. ‘‘हे कोण गं?’’

पुणे विद्यापीठाच्या ज्या जयकर ग्रंथालयात बसून मी इंटर्नशिपच्या बातम्या लिहिते, ते याच जयकरांच्या नावाचं! हे मला माहीत नव्हतं. मुंबईचे बॅरिस्टर, पुढे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तिने उत्तरात लिहिलं, की सह्या करणारे चौघेही बॅरिस्टर होते, म्हणून शेकडो लोकांचे जबाब त्यांनी कोर्टात टिकतील अशा पद्धतीने घेतले असावेत.

पेपर तपासून आला, 20 पैकी 13. त्या वाक्याशेजारी समासात सरांनी लिहिलंय, ‘असावेत कशावरून?’