पंख, पंखा आणि रिकाम्या खुर्च्या



अर्धापूरच्या केळीच्या बागेत उभं राहून कधी वर आभाळात पाहिलंय? नांदेडचा विमानतळ तिथून काही फार लांब नाही. घरघर ऐकू आली, की बागेला पाणी देणारी माणसंसुद्धा डोळ्यांवर हात धरून वर बघतात. मग एखादं पोरगं विचारतंच, "काका, हे कुठं चाललं ओ?"

आज आपण याच छोट्या विमानांची गोष्ट करू या. पण त्यासाठी आधी दूर समुद्रात जायचं आहे. चला तर!

अरबी समुद्रात लक्षद्वीपची बेटं आहेत. त्यातलं एक अगत्ती. एवढंसं बेट, रुंदी जेमतेम एक किलोमीटर! २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. कोचीहून जहाजाने जायचं तर चौदा ते वीस तास लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळला, की तेही नक्की नाही.

१९८८ मध्ये या बेटावर विमान उतरू लागलं. ते आणलं 'वायुदूत'ने. लहान गावांना जोडण्यासाठी ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये निघाली होती. विमान होतं डॉर्नियर, कानपूरला बांधलेलं, फक्त एकोणीस खुर्च्यांचं. म्हणजे आपल्या काळीपिवळीत दाटीवाटीने बसतात, त्याहून थोडी जास्त माणसं! चौदा तासांचा प्रवास दीड तासावर आला. अगत्तीला उतरून होडीने बंगाराम बेटावर सुट्टी घालवायला पाहुणे येऊ लागले.

आता सांगा, तिथे मोठं विमान का नाही नेलं? कारण अगत्तीची धावपट्टी सुमारे बाराशे मीटरची. दोन्ही टोकांना समुद्र! नांदेडची धावपट्टी तेवीसशे मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आखूड पट्टीवर चालतं ते पंख्याचं विमान. त्याच्या दोन्ही पंखांवर एकेक मोठा पंखा असतो. कमी धाव घेऊन ते उचलतं आणि जवळच्या अंतरावर जेटपेक्षा इंधनही कमी पितं. तरी पुढे एटीआर नावाचं सत्तर खुर्च्यांचं विमान तिथे जाऊ लागलं, तेव्हा वजन कमी ठेवण्यासाठी काही खुर्च्या मुद्दाम रिकाम्या सोडाव्या लागल्या. आहे की नाही गंमत? माणसं वाट बघतायत आणि खुर्ची रिकामी!

पण रिकामी खुर्ची छोट्या कंपनीला फार महाग पडते, बरं का. समजा, विमानात ७२ खुर्च्या आहेत आणि बसले ३०. वैमानिकाचा पगार तेवढाच, देखभाल तेवढीच, इंधनातही फार बचत नाही. मग ३० जणांच्या तिकिटांतून ७२ जणांचा खर्च निघणार कसा? शेवटच्या फेरीची एस.टी. अर्धी रिकामी धावते ना, तसंच हे.

आता परत नांदेडला या. २१ ऑक्टोबर २०१६ ला सरकारने 'उडान' योजना आणली. एक तासाच्या प्रवासाला अर्ध्या खुर्च्यांचं भाडं सुमारे अडीच हजार रुपयांपर्यंतच ठेवायचं, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षं भरून द्यायची. त्यासाठीचा काही पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकार लावून उभा केला. २७ एप्रिल २०१७ ला नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. कंपनी होती ट्रूजेट, विमान तेच पंख्याचं एटीआर. लोक खूश! पण २०२२ मध्ये ट्रूजेटची सगळीच उड्डाणं थांबली. मग २०२४ मध्ये स्टार एअरची विमानं नांदेडला आली. येणं, जाणं, पुन्हा येणं, लहान गावांच्या विमानांचं हे असंच चालतं. वायुदूतसुद्धा पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झालीच.

आता खरा प्रश्न. नांदेडचं विमान बंद पडलं, तर आपल्याला रेल्वे आहे, एस.टी. आहे. वेळ जाईल, हाल होतील, पण पोचू. अगत्तीचं विमान बंद पडलं तर? तिथे रूळ नाहीत, डांबरी रस्ता समुद्रात जात नाही. सुट्टीला आलेला पाहुणा दुसरीकडे जाईल. पण कोचीच्या कॉलेजात शिकणारी मुलगी, तपासणीला निघालेली आजी, त्यांचं काय? पाहुण्यांनी भरलेल्या खुर्च्यांमुळेच तर बेटावरच्या माणसांची खुर्ची टिकते!

तेव्हा मला सांगा, सरकारकडे एकाच विमानाचा तोटा भरण्याएवढे पैसे असतील, तर तो कुणाचा भरावा? बेटाचा की नांदेडचा? "अर्थात बेटाचा!" असं चटकन म्हणू नका. मुंबईच्या दवाखान्यात रातोरात पोचायचं असलेल्या अर्धापूरच्या माणसाला आधी विचारा. आणि "आपलाच!" असंही म्हणू नका. अगत्तीच्या आजीलाही विचारा.

घरी आई-बाबांशी, वर्गात बाईंशी खुशाल वाद घाला. उत्तर काहीही काढा, पण त्यामागचं कारण मात्र पक्कं हवं. ते एका पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहा आणि मला पाठवा.

तर मग, भेटू पुढच्या आठवड्यात!